गाडी येईपर्यंत अमेरिका

हे मी सांगायचं नाही असं ठरलं होतं. आमच्या शाळेचे शिपाई मारुतीमामा यांनी साऱ्या वर्गाकडून तसा शब्द घेतला होता. माझ्याकडे तर त्यांनी नीट पाहिलंही नाही, कारण वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी मीच. पण लिहायचं नाही, असं काही ते म्हणाले नव्हते.

शिवाय किस्से साठत जातात. आमच्या मुदखेडच्या स्टेशनात मालगाडीला डबे जोडतात तसा एकाला दुसरा जोडला जातो, आणि मग नुसतं उभं राहणं जमत नाही. वर्गातल्या रोहिणीने शाळेच्या हस्तलिखितासाठी चार पानं मागितली आणि माझी गाडी सुटली.

सगळे डबे गेल्या वर्षीच्या, म्हणजे नववीच्या इतिहासाच्या तासाचे आहेत. इतिहास शिकवायला शेख मॅडम. रोज सकाळच्या गाडीने नांदेडहून येतात. त्या तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे संस्थेने ठेवलं तर पुढचं वर्ष, नाही तर घरी. लातूरहून संस्थेचे तपासणीचे साहेब येणार, मॅडमचा एक तास बघणार आणि मग काय ते ठरवणार, हे आम्हाला मारुतीमामांकडून आधीच कळलं होतं. आम्हाला कळलंय हे मॅडमना कळू द्यायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं.

त्यावेळी अमेरिका चालू होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो शेतीवाला देश एवढा मोठा कारखानदार कसा झाला, यावर पुस्तकात थोड्याच ओळी आहेत. मॅडमनी त्या ओळींना तीन आठवडे दिले.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर यादी लिहिली. कोळसा, लोखंड, तेल, लाकूड, कापूस. म्हणाल्या, अमेरिकेकडं हे सगळं होतं, पण कोळसा एका टोकाला आणि लोखंड दुसऱ्या टोकाला. रूळ पडले आणि दोघांची गाठ पडली. कारखान्यातला माल दूरच्या गावात जायला लागला, गिऱ्हाईक वाढलं, म्हणून आणखी कारखाने निघाले. त्या कारखान्यांना आणखी रूळ हवे झाले.

मग त्यांनी सगळ्यांना जेवणाचे डबे उघडायला लावले. डब्यातलं काय काय रेल्वेने आलं ते सांगायचं. कुणी म्हणालं मीठ, कुणी म्हणालं चहाची पत्ती. डब्यात चहा कुठून आला, हे मॅडमनी विचारलं नाही.

रोहिणीचं शेत उमरीच्या रस्त्याला आहे आणि ती रोज तिथून शाळेला येते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझी भाकर चालत आली."

*

दुसऱ्या आठवड्यात कारखाना. मॅडमनी जुनी वर्तमानपत्रं आणि घरून शिजवलेली खळ आणली. खिडकीकडच्या मुलांनी प्रत्येकाने एक अख्खी कागदी पिशवी करायची. भिंतीकडच्या आम्ही ओळीने बसायचं. एकीने फक्त कापायचं, दुसरीने फक्त घडी, तिसरीने फक्त खळ. मी खळवाली होते. मला ते काम फार आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं.

आमच्या पिशव्यांचा ढीग लागला. खिडकीकडचे अजून पहिल्याच पिशवीचा तळ शोधत होते. मॅडम खूष. तेवढ्यात घडीवाली लक्ष्मी पाणी प्यायला गेली आणि आमची अख्खी ओळ थांबली. कापणारी कापतच राहिली, तिच्यापुढे कागद साचले आणि मी खळीत बोट घालून बसले. मॅडम ओरडल्या, "अगं, लक्ष्मी कुठं गेली? कुणी पाठवलं तिला?"

लक्ष्मी ओल्या तोंडाने दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, अमेरिकेत पाणी प्यायला सोडत न्हवते का?"

 मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "लिहून घ्या सगळेजण. हा प्रश्न पुस्तकात नाही." उरलेला तास आम्ही कामगारांबद्दल बोललो. दिवसभर उभं राहणारी माणसं, गिरणीत जाणारी आमच्याहून लहान पोरं, संप. त्या दिवसानंतर पाणी प्यायला जायची परवानगी मागायची नाही, असा मॅडमनी नियम केला.

*

बालाजीच्या घरचं किराणा दुकान आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने शाळेसमोरच्या दुकानातले जगाचे कोरे नकाशे सगळेच्या सगळे विकत घेतले. चाचणीला नकाशा लागतोच. मग ज्याला नकाशा हवा त्याने क्रिकेटमध्ये बालाजीला पहिली बॅटिंग द्यायची आणि तो आउट झाला तरी आउट म्हणायचं नाही. दुपारपर्यंत तो तीनदा बोल्ड झाला होता आणि खेळतच होता.

मॅडमना कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता मार. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मक्तेदारी' लिहिलं आणि खाली उदाहरण म्हणून बालाजीचं नाव. अमेरिकेत तेलवाल्यांनी, पोलादवाल्यांनी हेच केलं, आधी सगळा माल आपल्या हातात आणि मग आपलाच नियम, असं समजावलं. शेवटी सरकारला कायदा करावा लागला, तसा आता मी करते, म्हणाल्या. बालाजीने सगळ्या वर्गाला हाताने नकाशा काढून द्यायचा.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. आम्हाला वाटलं, भांडायला आले. ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, पोरगं लई खूष हाय. मक्तेदारीत मार्क किती पडले म्हणावं?"

*

मग मजुरांचा धडा आला. कारखान्यांना माणसं लागली आणि दूरदूरच्या देशांतून ती बोटीने आली. मॅडमनी विचारलं, कुणाकुणाच्या घरचे दुसरीकडून मुदखेडला आले? लक्ष्मीची आई घरात तेलुगू बोलते, तिने हात वर केला. खूप हात वर झाले. का आले, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर रेल्वे.

माझे आजोबा लोहा तालुक्याकडून रुळाच्या कामाला आले होते. पप्पाही ट्रॅकमन आहेत. मला सांगायचं होतं, पण हात वर गेला नाही. मी वहीत लिहिलं. आजोबा म्हणायचे तेच लिहिलं, "गावात आपलं काम आडनावावरून ठरायचं, इथं शिट्टीवरून."

मॅडम माझ्या बाकाशी थांबल्या. वाचलं. मोठ्याने वाचून दाखवतील म्हणून माझे कान गरम झाले. त्यांनी वाचून दाखवलं नाही. लाल पेनाने खाली लिहिलं, 'हे तू बोलशील त्या दिवशी आपली अमेरिका पूर्ण होईल. मला घाई नाही.'

ती वही मी रद्दीत दिलेली नाही.

*

आता मारुतीमामा.

मधल्या सुट्टीची घंटा ते घड्याळ बघून देत नाहीत. दुपारच्या पॅसेंजरची शिट्टी ऐकून देतात. ऑफिसात घड्याळ आहे, पण मामांचा त्यावर विश्वास नाही. "घड्याळ बंद पडतंय," ते म्हणतात, "गाडी लेट व्हईल, पर यील." सुट्टीच्या आधीचा तास इतिहासाचा. त्यामुळे गाडी लेट झाली की अमेरिका लांबते. मॅडमना हे ठाऊक होतं. बाकी मोठ्या माणसांत कुणाला नव्हतं, आणि तेच सांगायचं नाही असा शब्द होता.

साहेब आले ते नेमके आमच्या शेवटच्या धड्याला. शेवटच्या बाकावर बसले, मांडीवर वही, मनगटावर भलं मोठं घड्याळ. मॅडमचा खडू दोनदा तुटला. पण त्यांनी छान शिकवलं. अमेरिकेत आधी गावागावाची आपापली वेळ होती, ज्याच्या डोक्यावर सूर्य आला त्याचे बारा. आगगाड्या धावायला लागल्या आणि त्या वेळांचा गोंधळ झाला. मग रेल्वे कंपन्यांनी ठरवलेली वेळ गावांनी आपली मानली. रोहिणीने कारणं सांगितली, बालाजीने मक्तेदारी तर अनुभवी माणसासारखी सांगितली. साहेब मान हलवून लिहीत होते.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. मॅडमचं शिकवून संपलं होतं. त्यांनी उजळणी घेतली. तीही संपली. घंटा नाही.

"तास संपून दहा मिनिटं झाली, मॅडम," साहेब म्हणाले. "तुमचं वेळेचं नियोजन नाही की शाळेचं?"

मॅडमनी दाराबाहेर पाहिलं. मारुतीमामा घंटेखाली हातोडा हातात धरून उभे होते, मान स्टेशनाकडे. मॅडमना एका वाक्यात सुटता आलं असतं. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, सर."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. बाक वाजला एवढं आठवतं. साऱ्या वर्गाने मागे वळून पाहिलं.

"सर, मॅडमचं चुकलं न्हाई," मी म्हणाले. "आमच्या गावाची वेळ अजून रेल्वेचीच हाय. गाडी यायचीय."

 साहेब माझ्याकडे बघत राहिले. आणि लांबून शिट्टी झाली, आणि शिट्टी संपायच्या आत मामांनी घंटेवर टोल हाणला.

साहेब उठून दारात गेले.  त्यांनी मामांना विचारलं, "मला नांदेडला जायचंय. परतीची गाडी किती वाजता आहे?"

मामांनी हातोडा खाली ठेवला. "बसा की साहेब निवांत," ते म्हणाले. "घंटा देतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीभर मी रोज पप्पांना विचारायचे, सकाळच्या नांदेडच्या गाडीतून कोण कोण उतरतं. आज दहावीचा पहिला दिवस आहे, मी शाळेच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे, सकाळची गाडी येऊन गेली, आणि मला मॅडमना एवढंच सांगायचं होतं की तुम्ही घाई केली नाही म्हणून मी

"सुजाता, आत ये गं. तास सुरू झाला. तोंडाने सांग, काय लिहितेस ते. मला घाई नाही."