टोपलीभर भुईसफरचंदं

नोटबुर्गा आमच्या गावात लग्न होऊन आली ती टिरोलच्या डोंगरातून. तिचं बोलणं ऐकलं की आमच्या बाया पदराआड नाही, अगदी तोंडावर हसायच्या. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू? आमची भाषा जर्मन, तिचीही जर्मन, पण तिनं दुकानात काही मागितलं की दुकानदार तिला दोनदा म्हणायला लावायचा. दुसऱ्यांदा केवळ मजेखातर.

घरात तिची सासू त्सेन्सी. चूल तिची, कपाटाच्या किल्ल्या तिच्या आणि घरामागची भाजीची बाग तर विचारूच नका. नवरा आल्बन कागदाच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी येऊन जेवायचा आणि झोपायचा. नोटबुर्गा शेतकऱ्याची लेक, मातीत हात घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एवढ्या मोठ्या घरात स्वतःचा म्हणून एक वाफा मिळावा, एवढंच तिला हवं होतं. सासूकडे मागितलाही होता. त्सेन्सी म्हणाली होती, बघू.

मग मार्चमध्ये त्सेन्सी तळघराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. लागवडीचं बियाणं वर आणायला म्हणून उतरली होती, दोन टोपल्या तिथेच पायरीशी राहिल्या. दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा विव्हळत होती, तरी सुनेला बजावलंच तिनं. "भुईसफरचंदं टबातच लाव. एकही बाहेर पडता कामा नये. भुईनाशपाती मोकळ्या वाफ्यात. मी येईपर्यंत बाग नीट राहिली, तर भिंतीजवळचा वाफा तुझा."

आता गंमत अशी, की टिरोलमध्ये भुईसफरचंद म्हणजे बटाटा. आमच्याकडे बटाट्याला भुईनाशपाती म्हणतात, आणि भुईसफरचंद म्हणजे तो आल्यासारखा वेडावाकडा कंद, ज्याची आमचे पुरुष दारू गाळतात आणि उरलेला डुकरांना घालतात. वर सूर्यफुलाच्या जातीचं झाड, माणसाच्या डोक्यावर जाणारं. एकदा मोकळ्या जमिनीत शिरलं की घरजावयासारखं, निघायचं नाव नाही. म्हणून तर त्सेन्सीनं कपडे धुवायचा जुना जस्ताचा टब, बुडाला भोकं पाडून, काठ वीतभर वर ठेवून जमिनीत पुरला होता. त्याच्या बाहेर तिचे कंद कधी गेले नाहीत.

नोटबुर्गानं दोन्ही टोपल्या पाहिल्या. एकीत बटाटे, ते तर ओळखीचे. दुसरीतलं काहीतरी गाठीगाठीचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे हीच भुईनाशपाती, असं तिनं ठरवलं. बटाटे टबात का लावायचे हे तिला कळेना, पण विचारणार कोणाला? विचारलं की पुन्हा हसू. तिनं मुकाट्यानं मावले तेवढे बटाटे टबात लावले आणि टोपलीभर कंद चार ओळी आखून मोकळ्या वाफ्यात.

माझी खिडकी त्या बागेवरच उघडते. मे महिन्यात मला पानं दिसली आणि ओळखूही आली. मी मूग गिळून बसले. मनात म्हटलं, आपल्याला काय करायचंय? पण खरं कारण ते नव्हे. मला बघायचं होतं, त्सेन्सीच्या बागेचं काय होतं ते.

जुलैत झाडं माझ्या खिडकीपर्यंत आली. एका रविवारी चर्चहून येताना चार-पाच जणी कुंपणाशी थांबल्या आणि नोटबुर्गाच्या देखत म्हणाल्या, टिरोलमध्ये बटाट्यांना आंघोळ घालतात वाटतं. त्या दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. रडली नाही. सरळ विचारलं, "मी काय लावलंय?"

मी सांगितलं. मेपासून ठाऊक होतं हेही सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि तिच्या पुढे चालू लागले.

तीन दिवस आम्ही खणत होतो. नवे कंद अजून धरले नव्हते, तेवढंच नशीब. पण मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी तो फुटतो, आणि राहतोच. आठवड्यात पुन्हा कोंब. आल्बन म्हणाला, उंदरांनी बियाणं खाल्लं म्हणून सांग. ती म्हणाली, मी खोटं बोलणार नाही, वाफा गेला तर गेला.

ऑगस्टमध्ये त्सेन्सी काठी टेकत घरी आली. पाणीसुद्धा न घेता बागेत गेली. मी कुंपणाशी उभी होते. नोटबुर्गानं एका दमात सगळं सांगून टाकलं, शब्दाचा घोटाळा, विचारायची लाज, सगळं. "आई, आता मी वाफा मागणार नाही," म्हणाली.

त्सेन्सीनं काठीनं एक कोंब हलवून पाहिला. "किती लावलेस?"

"टोपलीभर. सगळे."

"टोपलीभर!" म्हातारीनं चारही ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "पोरी, हे दहा वर्षं निघायचे नाहीत. माझ्याच्यानं आता वाकवत नाही. तो भिंतीजवळचा वाफा विसर. सगळी बागच घे, आणि शेवटचा कोंब निघेपर्यंत उपटत बस. तोवर बाग तू सोडायची नाहीस आणि मी परत मागायची नाही."

त्यानंतर त्सेन्सी चौदा वर्षं जगली. रोज बागेत खुर्ची टाकून बसायची आणि काठीनं दाखवायची, तो बघ, तिकडे एक राहिला. सून वाकून उपटायची. दोघींची कुरकुर मला खिडकीतून ऐकू यायची.

नोटबुर्गा आता ऐंशीची आहे. परवा कोबी द्यायला आली तेव्हा मी विचारलं, काय गं, तुझे ते कोंब दहा वर्षांत खरंच संपले नाहीत?

"आठव्याच वर्षी संपले असते," ती म्हणाली. "दरवर्षी एक मी ठेवायचे, शेंगांच्या वेलामागे; त्याचेच पुढच्या वर्षी इकडेतिकडे फुटायचे. आईंच्या खुर्चीतून तो स्वच्छ दिसायचा. पण त्याच्याकडे त्यांनी काठी कधी केली नाही."