उपवासाला न चालणारी गोळी

आमच्या सासूबाईंची बीपीची गोळी नवरात्राच्या उपवासाला चालते. माझी चालत नाही. हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही, आणि विचारलं की घरभर सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मी नाशिकमध्ये शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मला डिप्रेशनची गोळी सुरू झाली. त्याआधी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून रडायचे आणि पोरांना वाटायचं, बाई काहीतरी लिहितायत. तीन-तीन दिवस केसांना फणी लागायची नाही. गोळीने महिना-दीड महिन्यात मी माणसात आले. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘बरं वाटायला लागलं की लोक स्वतःच्या मनाने गोळी सोडतात. तसलं काही करायचं नाही. बंद करायची वेळ आली की मी हळूहळू कमी करून देईन. एखाद्या दिवशी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन गिळायच्या नाहीत.’ मी सगळं पाळत होते. रोज सकाळी चहा झाला की एक गोळी.

मग नवरात्र आलं. सासूबाई मूळच्या विंचूरकडच्या. इथे सिडकोत येऊन तीस वर्षं झाली, पण घट बसवायचा तो तिकडच्याच शिस्तीने. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधे घट, शेजारी दिवा. एकदा घट बसला की तो उठेपर्यंत त्याच्यापाशी ठेवलेली वस्तू तसूभर हलवायची नाही. घट बसला त्या दिवशी सकाळी मी गोळीला हात घालते तर पाकीटच जागेवर नाही. बघते तर काय, सासूबाईंनी ते घटापाशी ठेवून त्यावर हळद-कुंकू वाहिलेलं! आत स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही.

‘नऊ दिवस देवीच्या पायाशी राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘डोक्याची गोळी उपवासाला नाय चालत. देवीच बरं करील तुला.’

‘आई, ती एकदम बंद करायची नसते. डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘डॉक्टर देवीपेक्षा मोठा हाय का?’

आणि एवढं बोलून बाईंनी माझ्यासमोर स्वतःची बीपीची गोळी पाण्याबरोबर घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं ते औषध आणि माझे ते नखरे!

नवऱ्याला सांगितलं. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘अगं, नऊच दिवस तर आहेत. तू आता बरी दिसतेस.’ मी बरी दिसत होते ती कशामुळे, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. पाकीट मी उचललं असतं, पण जावेला सातवा महिना होता. घट हलला आणि तिला काही झालं, तर जन्मभर माझ्याच नावाने खडे फोडले असते. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईना, आणि बरोबरच होतं त्याचं. सरळ रिक्षा करून डॉक्टरांकडे जायला हवं होतं. निदान फोन तरी करायचा. नाही केला. कसं सांगायचं, की घरचे गोळी देत नाहीत? लाज वाटली. तो माझा गाढवपणा, आणि त्याचा राग मला अजून येतो.

तिसऱ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात झटका बसायचा, ओला हात प्लगला लागावा तसा. हात थरथरायचे. पोरांवर विनाकारण खेकसले. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि कठड्यापाशी उभी असताना वाटलं, आपण नसलेलंच बरं. मी घाबरून खाली पळाले. ‘आई, मला ती गोळी द्या हो,’ म्हणून हात जोडले. त्या वाती वळत राहिल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आरतीला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. टाळ्या, घंटा, धूप. माझ्या डोक्यात एकामागून एक झटके सुरू झाले, तोल गेला आणि मी खाली बसले ती थरथरतच. कुणीतरी ओरडलं, ‘अगं बाई, हिच्या अंगात आलं!’

झालं. कपाळावर मळवट भरला. ओटीत नारळ आला. ज्या बाईने मला कधी ‘कशी आहेस’ विचारलं नव्हतं, ती पायावर डोकं ठेवून लेकीचं लग्न कधी ठरेल ते विचारत होती. सासूबाई पदर पसरून पुढे आल्या. ‘माय, काय चुकलं असंल तर पोटात घाल. बोल, काय चुकलं?’

माझं डोकं गरगरत होतं, पण शुद्ध पक्की होती. म्हटलं, विचारतेच आहेस तर ऐक.

‘चुकलं,’ मी ओरडले. ‘हिचं औषध माझ्या पायाशी आणून टाकलंस. मी मागितलं होतं? दे तिचं तिला!’

पाच दिवस जे पाकीट तसूभर हललं नाही, ते सासूबाईंनी दोन्ही हातांनी उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं. वर तांब्याभर पाणी. देवीचं नाव लावून खोटं बोलले, आणि मला त्याची कणभर लाज वाटत नाही.

तशीच मळवटासकट मागच्या खोलीत गेले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. नवरा मागोमाग येऊन दारात उभा राहिला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘जीव द्यावा असं वाटलं का?’

‘परवा वाटलं होतं. गच्चीवर. आत्ता नाही वाटत.’

त्या म्हणाल्या, ‘आज नेहमीचीच एक घ्या. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. एकट्या राहू नका. पुन्हा तसं वाटलं तर वेळ बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि उद्या सकाळी मला भेटा.’

फोन ठेवला. गोळी घेतली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘अगं, एवढं होतं तर मला सांगायचं ना.’

‘पाच दिवस सांगत होते,’ मी म्हटलं. ‘पण तेव्हा नुसती मीच बोलत होते.’