राक्षसाच्या पानातलं भरीत

धुळ्यात आमच्या शेजारी एक अक्का राहतात. बोलताना त्या समोरच्याच्या दंडावर चापट मारतात, आणि गोष्ट रंगली की दोन. माझी पौराणिक कादंबरी मी त्यांना त्यांच्या ओट्यावर वाचून दाखवायचो. गावानं राक्षसाला गाडाभर भात पाठवला, असं वाचताच चापट बसली.

"नुस्ता भात? त्याले भाजी नही का? मंग तो माणसंच खाई ना!"

मी हसून हसून आडवा झालो. मूळ गोष्टीत राक्षस मारला जातो. मी मात्र घरी येऊन लिहिलं की गावानं भातासोबत वांग्याचं भरीत धाडलं, राक्षसानं बोटं चाटली आणि माणसं खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी तेही अक्कांना वाचून दाखवलं.

परवा शिरपूरच्या एसटीत अक्का पुढच्याच बाकावर होत्या. शेजारच्या बाईला चापटा मारत तीच गोष्ट सांगत होत्या. भरितात आता कांद्याची पातही पडली होती. मला राहवेना.

"अक्का, ते भरीत माझ्या कादंबरीतलं!"

अक्का वळल्या. दोन चापटा बसल्या.

"हाई समदं पुराणमा शे, भाऊ! तुम्ही कादंबरीवाला आपला मननं काहीबी घालतस."