आत्या कळंबपर्यंत आली होती

माघ महिना, मंगळवार, भर दुपार. मंचरमधल्या एका छोट्या दवाखान्याचा पहिला मजला. हजर: माझ्या सासूबाई, माझी विहीण, मी आणि नुकतीच जगात आलेली माझी नात. काचेच्या दाराआड माझी सून, पोट शिवून झालेलं, कमरेखाली बधिर. मुलगा खाली औषधांच्या रांगेत. गैरहजर: माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या. ती नारायणगावहून निघाली होती आणि कळंबला अडकली होती.

घरात लग्न असो की पापडांचं वाळवण, मी आधी यादी करते. दुकानात बसून लागलेली सवय. बाळंतपणाची यादी सातव्या महिन्यातच तयार होती. सून ती वाचून हसली, पेन घेतलं आणि सगळ्यात वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: 'बाळ लगेच माझ्याकडे. सिझर झालं तरी.' ती तपासणीला जायची तिथल्या ताईंनी सगळ्या पोटुशा बायकांना बसवून सांगितलं होतं, की पहिल्या तासातलं दूध चुकवू नका, शिवलेल्या पोटानंसुद्धा पाजता येतं. मी म्हटलं, बरं.

त्याच पानावर खाली माझी ओळ होती: 'धुणं: आत्या. चांदीची वाटी, कोमट पाणी, नवा रुमाल.'

आम्ही मूळचे राजस्थानचे. पणजोबांनी इथं दुकान टाकलं, भाषा मराठी झाली, काही चाली मात्र तशाच राहिल्या. त्यातली एक म्हणजे बाळंतिणीची छाती नणंद धुते आणि मगच बाळाला पाजायचं. नणंदेला त्याचं नेग मिळतं, साडी वगैरे. पण माझ्या मुलीला साडी नको होती. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. दवाखाने करून झाले, आता ती तो विषय काढू देत नाही. सुनेच्या ओटीभरणाला मी पाहिलं, बायकांनी मुलीच्या हातातलं ओटीचं ताट अलगद काढून दुसरीच्या हातात दिलं. ती पाणी द्यायला उठली. धुणं मात्र तिच्याशिवाय कोणी करू शकत नव्हतं. वाटी तिनं स्वतः जाऊन आणली होती.

दोन्ही ओळी एकाच पानावर होत्या. त्या कधी एकमेकींच्या आड येतील, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टरांनी शुक्रवार दिला होता, मुलगी गुरुवारी राहायला येणार होती. पण मंगळवारी सकाळी बाळाचे ठोके कमी झाले आणि सगळं हातातून निसटलं.

मजल्यावरची गल्ली इतकी अरुंद की बाकावर बसलेल्याचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकायचे. एका टोकाला काचेचं दार, दुसऱ्या टोकाला जिना. मधे मी. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं, तोंड इकडून तिकडे फिरवत होतं.

नर्स दारातून डोकावली. "कुणीतरी एक जण बाळ घेऊन आत या. एकच जण."

"एकच ना? मग आत्या येईल," सासूबाई म्हणाल्या. "निघालीये ती."

"आजी, किती वेळ?"

"आली की आली. तोवर मध चाटवते."

"मध अजिबात नको," नर्स म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी फोन लावला. मुलीच्या मागे हॉर्नचा गलका होता. "मम्मी, कांद्याचा ट्रॅक्टर आडवा झालाय. रस्ताभर कांदे. माणसं स्वतःच्या शेतातले असल्यासारखे गोणीत भरतायत."

"गाडी तिथंच ठेव आणि चालत पुढं ये. पुढून कोणाची तरी गाडी मिळेल."

"बघते. तू थांबव हं तोपर्यंत."

"अगं, रडतेय ती."

"रडू दे थोडं, आत्यावर गेलीय." ती हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मम्मी, एवढं तरी माझं राहू दे."

मी हो म्हटलं. आई दुसरं काय म्हणणार?

विहीणबाई निरगुडसरच्या. घरची शेती, गोठ्यात जनावरं. आमच्या पोरांनी आपापलं जमवलं तेव्हा दोन्ही घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती, त्यामुळे त्या अजूनही आमच्यात जपून बोलतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, लेकीची आई आहे, ही तरी म्हणेल की आत न्या.

"तुमचं तुमी बघा ताई," त्या म्हणाल्या. "आमच्यात तर पयला चीक पिळूनच टाकत्यात. लई जड असतो. दोन दिस गूळपाणी दिलं की झालं."

"विहीणबाई, गाय व्यायली की वासराला पहिला चीक पाजता ना तुम्ही?"

"पाजतो की. त्याबिगर वासरू उभं ऱ्हात न्हाई."

"मग?"

त्यांनी सासूबाईंकडे तिरकं पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. "गायीला आजेसासू नसती, ताई."

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या दिवशी ते बरं झालं.

हसू ओसरलं आणि गल्ली पुन्हा आवळली. नर्स पुन्हा आली. डब्याची पावडर आणून ठेवता का, म्हणाली, बाळ असं उपाशी ठेवता येणार नाही. म्हणजे मध नाही, आत्या नाही, आईही नाही. खालच्या मेडिकलमधला डबा! मी उठले, दोन पावलं जिन्याकडे गेले, परत फिरले. तेवढीच जागा होती. बाळ रडून रडून आता नुसतं कण्हत होतं. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिसऱ्यांदा नर्स आली ती थेट माझ्याकडे. "त्या विचारतायत बाळ कुठंय. आणि तुम्हाला निरोप आहे. म्हणाल्या, मम्मींना सांगा, यादीत सगळ्यात वर काय लिहिलंय ते बघा."

मी यादी काढली नाही. वाकले आणि सासूबाईंच्या मांडीवरून बाळ उचललं.

"सूनबाई, लेकीचा मान घेतेयस," त्या म्हणाल्या.

"हो बाई," मी म्हटलं आणि खांद्यानं दार ढकललं.

आत नर्सनं काही धुतलं नाही की पुसलं नाही. बाळ कुशीच्या बाजूनं कसं धरायचं, टाक्यांवर भार कसा येऊ द्यायचा नाही, ते दाखवलं आणि माझा तळवा बाळाच्या मानेखाली ठेवला. सुनेला डोकंही उचलता येत नव्हतं. नात दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिनं असं काही पकडलं की सून "आई गं" म्हणाली आणि रडायलाच लागली.

"मम्मी, हात काढू नका."

"नाही काढत."

तेवढ्यात माझ्या कमरेच्या पिशवीत फोन थरथरायला लागला. थांबला, परत सुरू झाला. कोण ते मला माहीत होतं. एक हात बाळाखाली, दुसरा सुनेच्या कोपराखाली. हलायची सोय नव्हती. मी ओणवी तशीच उभी राहिले, पाठ भरून आली, आणि फोन माझ्या पोटावर वाजत राहिला. नात पीत होती. तिच्या कानामागची लव हलत होती. इतका आनंद आणि इतकी कोंडी एकाच वेळी मला आधी कधी झाली नव्हती.

मुलगी आली तेव्हा तिच्या चपला धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. ती खरंच चालत सुटली होती, मग कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली. बाहेर आजीकडून काय ऐकायचं ते ऐकून ती दारात उभी राहिली. हातात वाटी, रुमालात बांधलेली.

"प्यायली?"

"प्यायली."

"बरं झालं." तिनं बाळाच्या पायाला बोट लावलं. बाळानं झोपेत पाय आखडला.

"ताई, संध्याकाळच्या वेळेला तुम्ही धुवा ना," सून म्हणाली. "मी थांबते."

"अगं, संध्याकाळी कसलं? पहिल्यांदाचं ते पहिल्यांदाचं." तिनं वाटी खिडकीत ठेवली, सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि गाडी रस्त्यात आहे म्हणून निघाली. चहाही घेतला नाही. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

बारशाला आली. पाळण्याची दोरी धरली, कानात नाव सांगितलं, सगळ्यांशी हसली. माझ्याशी कामापुरतं बोलली. साडी घेतली, वाटी घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाली.

पुन्हा तोच मंगळवार आला तरी मी बाळ आतच नेईन. मुलीला हे सांगायला हवं. आणि फोन वाजताना मी तिथं कशी उभी होते, तेही. मी दोनदा निघाले. एकदा कळंबपर्यंत गेले, रस्ता मोकळा होता, तरी भाजी घेऊन परत आले.

बाळंतपणाच्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर खूण झाली आहे. वाटी घासून, पुसून कपाटात ठेवली आहे. नारायणगावला जायचं राहिलंय.