मामांच्या दोरे बांधलेल्या बाटल्या

पाण्यावर मामांइतका अविश्वास ठेवणारा माणूस साऱ्या वाशीममध्ये दुसरा नव्हता. मामा म्हणजे सत्तरच्या दशकात आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत असलेले परिचर. गाव रिठद, शिक्षण सातवी, आणि बफर बनवण्यात आम्हा एम.एस्सी.वाल्यांचे बाप! आम्ल पडो की अल्कली, आपला पीएच सहसा हलू न देणारं द्रावण म्हणजे बफर, असं मी वर्गात सांगे. मामा म्हणत, "बफर म्हंजे घरातला समजदार मानूस. आंबट-खारं सारं पोटात घालते."

विहिरीच्या पाण्याचा थेंब पडला तरी ते अख्खी बाटली ओतून देत. एकदा प्राचार्य त्यांचं ऊर्ध्वपातित पाणी पेलाभर पिऊन गेले, तर मामांनी आठ दिवस त्यांना नमस्कार केला नाही. बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्यांवर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता; शाई ओघळते म्हणायचे. आम्लधर्मी बफरच्या बाटलीला लाल दोरा, लाळेच्या प्रयोगाच्या बफरला पांढरा, असा त्यांचा कारभार.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मला त्या दोऱ्यांची लाज वाटली. मामा जेवायला गेलेले पाहून मी सगळे दोरे कापले आणि इंग्रजी चिठ्ठ्या डकवल्या. घाईत लाल आणि पांढऱ्या दोऱ्याच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पोरांच्या नळ्यांत लाळेने पिष्ट पचेचना. आयोडीन टाकलं की निळंच निळं. परीक्षक तापले. माझी नोकरी तात्पुरती, वर्षाअखेरीस कायम व्हायची होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मामांनी बाटली नाकाशी नेली, आम्लधर्मी बफरचा सिरक्यासारखा वास ओळखला, मुकाट्याने दुसरी बाटली आणून ठेवली आणि परीक्षकांना म्हणाले, "चिठ्ठ्या मीच उलट्या लावल्या, साहेब."

सातवी पास माणसाच्या हाती रसायनांचं कपाट दिल्यावर दुसरं काय होणार, असं परीक्षक सगळ्यांदेखत बोलले. पोरांना प्रयोग पुन्हा करू दिला, पण प्राचार्यांनी कपाटाची किल्ली मामांकडून काढून मला दिली. मी खरं सांगायला निघालो, तर मामांनी दारातच अडवलं. "तुमची नोकरी कच्ची हाये, सर. माही पक्की हाये. कायले बोलता?"

मी बोललो नाही. त्यानंतर मी बफर करताना मामा पाठ करून नळ्या धूत. यथावकाश मी कायम झालो, ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्यावर दहा मिनिटं बोललो. फार छान बोललात, असं सगळे म्हणाले. तेवढी एक गोष्ट सोडून मी सगळं सांगितलं होतं.