बातमी आधी, शर्यत नंतर

शाळेत तिला सगळे वार्ताच म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं. फुटबॉलमध्ये कुणी कुणाला लोळवलं, टेकडीवरच्या भटकंतीत कोण वाट चुकलं, पालिकेने कुठला रस्ता खणून ठेवला, सगळं हिला आधी कळायचं आणि हिच्या पोटात काही राहायचं नाही. इथल्या सायंदैनिकाच्या संपादकांनी ते बरोबर हेरलं आणि शाळेच्या खेळांच्या बातम्या तिच्याकडे सोपवल्या. फुकटात, अर्थातच. पोरगी मात्र हरखून गेली.

अडचण एकच होती. पेपरचं पान छपाईसाठी दुपारी बंद व्हायचं आणि शर्यतीही दुपारीच व्हायच्या. मग वार्ताने तोडगा काढला. सरावाला ती रोज असायचीच, कोण जिंकणार ते तिला दिसायचं. तेव्हा बातमी सकाळीच लिहून द्यायची आणि अंदाज चुकलाच, तर पान बंद व्हायच्या आत फोन करायचा. अंदाज चुकत नसत, त्यामुळे बाईसाहेबांना शिंगं फुटली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" तिची मोठी बहीण म्हणायची. वार्ता जीभ काढून दाखवायची.

रिलेच्या अंतिम शर्यतीत तिसऱ्या टप्प्याला तिची जिवलग मैत्रीण पळणार होती. झाडांवर सरसर चढायची म्हणून तिचं नाव खारूताई. वार्ताने सकाळीच लिहून दिलं, 'तिसऱ्या टप्प्यात तिने सगळ्यांना मागे टाकलं आणि शाळेला विजय मिळवून दिला.' पण मैदानावरच्या चुन्याच्या रेघा पुसट झालेल्या, त्या पुन्हा मारण्यात वेळ गेला. शर्यत सुरू झाली तेव्हा पान बंद झालं होतं. आणि वळणावर खारूताई अशी कोसळली की तिचा पाय नको त्या दिशेला वळलेला सगळ्यांनी पाहिला.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी दबली आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल. पाय वाचेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. खारूताई एकच धोशा लावून बसली होती, "बाबा आल्याशिवाय मी आत जाणार नाही." तिचे बाबा कारखान्यात होते. पाळी सुरू झाली की तिथे सगळ्यांचे फोन फाटकावर ठेवून घेत.

"तू जा गं, तू जोरात पळतेस," खारूताईची आई म्हणाली. "पण नीट सांग. एकदम अंगावर टाकू नकोस."

वार्ता जीव खाऊन पळाली. पेपरवाला अजून तिथे पोचला नसू दे, एवढंच ती मनात घोकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच आपली बातमी कुणी वाचू नये असं तिला वाटत होतं.

पाळी सुटली होती. फाटकाबाहेर खारूताईचे बाबा पेपर पसरून उभे होते आणि भोवतीच्या सोबत्यांना मोठमोठ्याने वाचून दाखवत होते.

"या, या, पत्रकारबाई!" ते ओरडले. "काय लिहिलंयस गं! माझ्या पोरीने नाव काढलं!"

"काका, इस्पितळात चला. खारूताई पडली. पायाला खूप लागलंय."

"चल, चेष्टा करतेस! हे बघ, छापून आलंय."

"ते खोटं आहे, काका."

"खोटं कसं असेल? खाली तुझं नाव आहे की. तू काय खोटं लिहिणारेस होय?"

सोबती हसले. वार्ताला रडू फुटलं. तिने काकांची बाही धरली आणि ओढू लागली. "ती तुमची वाट बघतेय. तुम्ही आल्याशिवाय आत जात नाहीये. चला ना!"

काकांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी एकदा पेपरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"मग हे तू कधी लिहिलंस, बाळ?"

"सकाळी," वार्ता म्हणाली.