झोपेवरची कथा आणि चांद्याचे पाहुणे

पुण्याजवळ भूगावात मी भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. लातूरकडून नोकरीसाठी आलो होतो. दिवसभर कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि घरी येऊन कथा लिहायच्या, असं माझं चाललं होतं. अशीच एक कथा पुण्यातल्या एका छोट्या त्रैमासिकानं छापली. संपादक ते त्रैमासिक आपल्या राहत्या घरातून काढायचे. मानधन नव्हतं, पण दोन अंक भेट मिळाले. आनंदाच्या भरात त्यातला एक मी घरमालकिणीला दिला. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो.

कथेचं नाव होतं ‘झोप’. जमीन बिल्डरला विकून मोकळा झालेला एक तरुण अंगणातल्या बाजेवर दिवसभर झोपलेला असतो आणि त्याच्या चारी बाजूंनी बंगले उभे राहतात, एवढीच कथा. ती लिहिताना मला फार खोल वाटली होती.

दोन दिवसांनी मावशी अंक हातात धरून दारात उभ्या.

“ह्यो आमचा पोरगा हाय.”

“नाही हो मावशी. तो प्रतीक आहे.”

“कोन परतीक? लाल बनियान घालतो, जांभळीखाली झोपतो, कानावर फडकं घेतो. समद्या भूगावात असा एकच हाय.”

नाकारण्यात अर्थ नव्हता. सकाळी मी कामाला निघायचो तेव्हा त्यांचा मुलगा बाजेवर असायचा, रविवारी दुपारी पाहावं तरी बाजेवरच. मला वाटायचं, काय हा सुखी माणूस!

“रातपाळी करतोय त्यो,” मावशी म्हणाल्या. “पिरंगुटच्या कंपनीत. सकाळी सातला येतो. दिवसा न्हाई झोपनार तर कवा झोपनार?”

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मावशींची खरी काळजी मात्र पुढेच होती. रविवारी जवळच्याच चांदे गावाहून मुलीकडची मंडळी त्याला बघायला येणार होती.

“त्येंनी वाचलं म्हंजी?”

मी त्यांना मनापासून धीर दिला. “मावशी, हा अंक कुणीही वाचत नाही.”

“मंग छापता कशाला?”

मी संपादकांना फोन लावला. कथानायकाच्या आईनं आक्षेप घेतलाय, पुढच्या अंकात एखादा खुलासा देता येईल का, असं विचारलं. पलीकडे खुर्ची करकरली. मला वाटलं, चिडले.

मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “म्हणजे... कुणीतरी वाचलं?”

आणि रविवारी ते सिटी बसनं थेट भूगावात आले. येऊ नका, पाहुणे आहेत, असं मी चारदा सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांत मिळालेला एकुलता वाचक त्यांना हातचा घालवायचा नव्हता. अंगणात खुर्ची ओढून ते मावशींसमोर बसले.

“कथेतला अवकाश तुम्हाला कसा वाटला?”

“अवकाश हाय की,” मावशी म्हणाल्या. “पाव्हनं याला अजून टाइम हाय. बसा तुमी, च्या टाकते.”

संपादकांनी मान डोलावली आणि हे लिहून घेतलं.

चहा उकळतोय तोवर पाहुणे आलेच. मुलगी, तिचे वडील आणि मागून पेढ्यांचा बॉक्स सांभाळत तिची आई. नवरदेव ओल्या केसांनी, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि खुर्चीत बसला. आदल्या रात्रीची पाळी करून आला होता, डोळे लालभडक. त्याला पाहून संपादक ताडकन उठले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

“तुम्हीच कथानायक!”

“कथानायक?” मुलीचे वडील म्हणाले. “कसली कथा?”

कुणी काही बोलायच्या आत संपादकांनी अंक त्यांच्या हातात दिला, पान उघडून. मुलीच्या वडिलांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, “‘कामाचं नाव काढलं की तो कूस बदलून झोपायचा.’”

मी चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवलं.

“परतीक हाय ते,” मावशी म्हणाल्या.

“म्हंजी?”

“म्हंजी लिवायचं एक आन आसायचं दुसरं. शिकलेल्या लोकांत तसंच लिवत्यात. लिवलंय झोपतो, म्हंजी रातभर जागतो. लिवलंय कामाचा न्हाई, म्हंजी लई कामाचा हाय.”

“आन हितं लिवलंय, ‘त्याला कशाचंच काही वाटत नसे.’”

“लई मायाळू हाय,” मावशींनी तिथल्या तिथे अर्थ लावला.

वडिलांनी संपादकांकडे पाहिलं. “खरं का हो?”

“हा पदर माझ्या लक्षातच आला नव्हता,” संपादक भारावून म्हणाले. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आता सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. तो ताठ बसल्या बसल्या, चहाची बशी मांडीवर धरून गाढ झोपला होता. मावशींनी कपाळाला हात लावला. या झोपेचा अर्थ त्यांनाही लावता येईना.

तेवढ्यात मुलगी हसली.

“आमचा दादाबी रातपाळीला हाय,” ती म्हणाली. “त्यो तर जेवताना झोपतो. ह्यांची बशी तरी सरळ हाय.”

तिनं पुढे होऊन ती बशी अलगद काढून घेतली आणि लग्न तिथेच ठरल्यासारखं झालं. निघताना तिनं माझ्याकडे अंक मागितला. बसमध्ये वाचायला, म्हणाली. संपादकांनी तो सही करून दिला, कथा माझी असूनही.

पुढच्या आठवड्यात वरच्या आळीतले एक काका माझ्या दारात आले.

“आमच्या पोराचं बी कुटं जमंना. चार वळी लिवा त्याच्यावर. पर वाईट लिवा बरं का. दारू पितो म्हनून लिवा.”

“पितो का?” मी विचारलं.

“पितो की,” ते म्हणाले. “पर तुमी लिवलं म्हंजी पीत न्हाई असंच वाटंल.”